‘मी मुळात चांगला की पापी?’ : अभ्यासवर्गात हा प्रश्न कसा हाताळावा

बाप्तिस्म्याच्या तयारीत, दृढीकरणाच्या वर्गात किंवा घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत कधी ना कधी कोणीतरी विचारतेच की, देवाने मला चांगले निर्माण केले असेल तर मंडळी मला पापी का म्हणते, आणि मी पापी असेन तर देवाचे लेकरू कसा? विचारणारा बहुधा वाद घालत नसतो. घरात किंवा गावात कोणीतरी त्याला कमी लेखलेले असते आणि चर्चही तेच सांगते की काय, अशी धास्ती त्याच्या मनात असते. म्हणून वर्ग घेणाऱ्याने एका वाक्यात उत्तर देण्याची घाई करू नये. दोन-तीन बैठका या विषयासाठी राखून ठेवाव्यात.

वाचन कोठून सुरू करायचे, यावर निम्मे काम अवलंबून असते. पुष्कळ जण रोमकरांस पत्राच्या ३:२३ पासून, म्हणजे ‘सर्वांनी पाप केले आहे’ येथून आरंभ करतात. हे वचन खरेच आहे. पण पहिल्याच दिवशी तेवढेच ऐकले तर मनुष्याची गोष्ट पापापासून सुरू होते असा समज होतो, आणि पवित्र शास्त्र तर तसे सांगत नाही. आधी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील २६ ते ३१ ही वचने मोठ्याने वाचावीत. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि देवाने केलेले सर्व ‘फार चांगले’ आहे, हे वर्गाने नीट ऐकल्यावरच तिसऱ्या अध्यायाकडे, म्हणजे आदाम-हव्वेने आज्ञा मोडल्याच्या, पतनाच्या गोष्टीकडे वळावे. त्यानंतर लगेच उत्पत्ती ९:६ आणि याकोब ३:९ काढायला सांगावे आणि एकच प्रश्न विचारावा : पतनानंतर ते प्रतिरूप पुसले गेले काय? एका वचनात मनुष्याचा वध आणि दुसऱ्यात मनुष्याला दिलेला शाप, हे दोन्ही निषिद्ध ठरतात ते मनुष्य अजूनही देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणूनच. हे उत्तर वर्गाला स्वतःहून सापडू द्यावे. शिक्षकाने सांगितले तर ते वहीतच राहते.

यानंतर ५१वे स्तोत्र घ्यावे, आणि येथे मात्र सावकाश जावे. ‘मी जन्माचाच पापी आहे’ हे त्यातील वाक्य आदिपापाच्या, म्हणजे आदामापासून सर्व मनुष्यांकडे आलेल्या पापाच्या शिकवणीसाठी नेहमी उद्धृत केले जाते. परंतु ते कोणाच्या तोंडी आहे, हे सहसा सांगितले जात नाही. शीर्षकानुसार हे स्तोत्र दावीद राजाचे असून, बथशेबेच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला त्या प्रसंगीचे आहे. म्हणजे ज्याने सत्तेच्या बळावर दुसऱ्याची पत्नी आणली आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मारवले, तो राजा येथे स्वतःविषयी बोलत आहे. त्याने हे उरीयाविषयी म्हटलेले नाही, प्रजेविषयीही नाही. माझ्या मते शिक्षकाने स्वतःसाठी नियमच करून घ्यावा की, पापाचे विधान प्रथमपुरुषी करावे. ‘तू जन्माचाच पापी’ असे बोट दाखवून म्हणणे आणि ‘मी जन्माचाच पापी’ असे गुडघे टेकून म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात या नियमाला अधिकच वजन आहे. नगर जिल्हा आणि मराठवाडा येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून आले. जन्मामुळेच हीन ठरवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. अशा घरातल्या मुलाला ‘जन्मतः पापी’ एवढेच सांगितले तर त्याला जुनाच विटाळ नव्या भाषेत ऐकू येण्याचा धोका असतो. त्याला स्पष्ट सांगावे की चर्चची शिकवण येथे नेमके उलट काम करते : ती कोणत्याही एका जन्माला हीन ठरवत नाही, तर राजा, धर्मगुरू, सावकार आणि मजूर या सर्वांना एकाच रांगेत उभे करते.

मग तान्ह्या बाळाचा प्रश्न येतो : त्याने कोणते पाप केले? आपल्याकडे पाप म्हणजे केलेले कर्म अशी धारणा असल्याने हा प्रश्न येणारच. कॅथलिक वर्गात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाचे ४०४ आणि ४०५ हे परिच्छेद वाचावेत. आदिपाप ही कृती नसून अवस्था आहे, आदामाच्या वंशजांच्या बाबतीत तो वैयक्तिक दोष नव्हे, आणि मानवी स्वभाव पूर्णपणे भ्रष्ट झालेला नसून जखमी झाला आहे, असे तेथे म्हटले आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपराही मरणाधीनतेचा वारसा मानते, आदामाच्या दोषाचा नव्हे. सोळाव्या शतकातील सुधारकांच्या, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळ्यांची भाषा याहून कठोर आहे. तेथे वारशाने आलेला दोषही मानला जातो, आणि ती भाषा वर्गासाठी मवाळ करून सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

तथापि त्या कठोर भाषेलाही मर्यादा आहे. ‘संपूर्ण भ्रष्टता’ या तिच्यातील शब्दप्रयोगाचा अर्थ मनुष्य शक्य तितका वाईट आहे असा नसून, बुद्धी, इच्छा, भावना यांपैकी कोणतेही अंग पापाच्या स्पर्शावाचून राहिलेले नाही असा आहे. नेदरलँड्समधील कॅल्व्हिनपंथी मंडळ्यांच्या १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मसभेनेही पतनानंतर मनुष्यात निसर्गदत्त प्रकाशाचा काही अंश उरतो असे मान्य केले. त्याहून बोलका दाखला ल्यूथरच्या अनुयायांचा आहे. माथियास फ्लासियस या विद्वानाने १५६० मध्ये, वायमार येथील वादात, आदिपाप हेच पतित मनुष्याचे सारतत्त्व आहे असे म्हटले. १५७७ च्या ‘एकमताच्या सूत्रा’ने, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या विश्वासाच्या अधिकृत निवेदनाने, हे मत साफ नाकारले. स्वभाव देवाने घडवला, पाप देवाने घडवले नाही. शिवाय देवाच्या पुत्राने आपलाच मानवी स्वभाव पापावाचून धारण केला, तेव्हा स्वभाव आणि पाप एक असूच शकत नाहीत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पापाविषयी सर्वांत कडक बोलणाऱ्यांनीच ही रेघ ओढली, हे वर्गाला अवश्य सांगावे.

दुसऱ्या टोकालाही आवर घालावा लागतो. मनुष्य मुळात चांगला आहे, तेव्हा ठरवले तर तो स्वबळावर नीट वागू शकतो, ही पाचव्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती शिक्षक पेलागियस याची दिशा ऐकायला उदार वाटते. पण व्यसनाशी वर्षानुवर्षे झगडणाऱ्याला तिच्यात एवढेच उत्तर मिळते की, तुझी इच्छाच कमी पडली. ४१८ च्या कार्थेज धर्मसभेने ती नाकारली आणि कृपेवाचून नीतिमान जीवन शक्य नाही असे सांगितले. हे सांगण्यात दुर्बलांची बाजू घेतलेली आहे, असे मला वाटते.

शेवटच्या बैठकीत लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला घ्यावा. बापाची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा परदेशात भाषण तयार करतो : मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला एका मजुरासारखे ठेवा. घरी पोचल्यावर भाषणाचा पहिला भाग तो म्हणतो, मजुरीची विनंती तोंडातून निघण्यापूर्वीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मुलाने पाप नाकारलेले नाही, बापानेही ते किरकोळ ठरवलेले नाही. पण तो कोण आहे, हे त्या पापाने ठरले नाही. हाच क्रम प्रभूच्या प्रार्थनेत आहे : ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ हे आधी, क्षमेची याचना नंतर. वर्गाने ती प्रार्थना त्या क्रमाकडे लक्ष देऊन एकदा सावकाश म्हणावी.

वैयक्तिक पापांची कबुली मात्र वर्गात कोणाकडूनही घेऊ नये. एखाद्यावर अन्याय किंवा अत्याचार झालेला असेल आणि तो स्वतःलाच दोषी मानत असेल, तर त्याच्यापुढे ५१वे स्तोत्र ठेवू नये. देवाने मला आईच्या उदरात घडवले असे सांगणारे १३९वे वाचावे, आणि त्याला बोलायचे असल्यास पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी स्वतंत्र भेट ठरवून द्यावी.