थीसिसमधलं आभाराचं पान इंग्रजीत कसं लिहायचं

थीसिस लिहून होतो, रेफरन्सेस लागतात, आणि अ‍ॅक्नॉलेजमेंटचं पान मात्र अगदी शेवटच्या रात्री सीनियरच्या थीसिसमधून उचललं जातं. प्लीज असं करू नका, थीसिस हातात आला की कितीतरी जण आधी तेच पान उघडतात.

आपली गंमत अशी की डोक्यात मराठी ऋणनिर्देश असतो. 'आभार मानून परकं करायचं नाही, त्यांच्या ऋणातच राहायला आवडेल', हे मराठीत किती छान वाटतं! पण हेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं तर परदेशातल्या परीक्षकाला कळतच नाही की तुम्ही आभार मानताय की नाकारताय. तसंच 'डीप सेन्स ऑफ ग्रॅटिट्यूड टू माय रिस्पेक्टेड गाईड', चुकीचं नाहीये, पण प्रत्येक थीसिसमध्ये तेच असल्याने कोणी वाचत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते बऱ्याचदा साधं 'आय थँक' किंवा 'आय अ‍ॅम ग्रेटफुल टू' लिहितात आणि पुढे 'फॉर' लावून त्या माणसाने नक्की काय केलं ते सांगतात. खरं वजन त्या 'फॉर'च्या पुढे असतं. सरांनी तिसरं चॅप्टर चार वेळा वाचलं ना, मग तेच लिहा, 'फॉर रीडिंग चॅप्टर थ्री फोर टाइम्स', रिस्पेक्टेड न लिहिताही आदर पोचतो.

एक चूक खूप दिसते, 'आय थँक टू माय गाईड'. मराठीत आपण 'सरांना थँक्स' म्हणतो, त्या 'ना'चा 'टू' होतो. 'थँक' क्रियापद असेल तर 'टू' नको, 'थँक्स' किंवा 'ग्रेटफुल' असेल तर हवा.

क्रमाचं म्हणाल तर शैक्षणिक इंग्रजी लेखनाचे अभ्यासक केन हायलंड यांनी हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांचे एमए-पीएचडीचे 240 प्रबंध तपासून 2004 मध्ये मांडणी दाखवली होती, आधी थोडं मागे वळून बघणं, मग आभार, शेवटी चुकांची जबाबदारी किंवा अर्पण. यातले आभार तेवढे हवेतच, बाकीचं ऐच्छिक. आभारातही शिकवणारे, मग फेलोशिप, लायब्ररी, डेटा देणारे, मग घरचे. आईबाबांना 'अनप्रोफेशनल' म्हणून काढू नका हं, तिकडचे लोकही घरच्यांबद्दल भरभरून लिहितात.

जर्नल पेपरचं मात्र वेगळं, तिथे दोन-चार ओळी, फंडिंग एजन्सीचं नाव आणि ग्रँट नंबर, बस. मेडिकल जर्नल असेल तर ज्यांचं नाव घेताय त्यांची लेखी परवानगी बऱ्याच ठिकाणी लागते, ती आधीच मेलवर घेऊन ठेवा.

आणि बाइंडिंगला टाकण्याआधी प्रत्येकाच्या नावाचं स्पेलिंग त्यांनाच विचारून घ्या, लॅब असिस्टंट काकांचंसुद्धा.