मुंबईच्या फ्लॅटमध्ये हीट पंप गीझर कसा निवडावा आणि बसवावा

साधा गीझर विजेचं एक युनिट घेतो आणि जेमतेम तेवढीच उष्णता पाण्याला देतो. हीट पंप त्याच एका युनिटवर तिपटीच्या आसपास उष्णता देतो, कारण बाकीची तो भोवतालच्या हवेतून उचलतो. मुंबईची हवा जानेवारीतही फारशी गार होत नाही, म्हणून हे यंत्र इथे बारा महिने चांगलं चालतं. त्याला दोनच गोष्टी हव्यात: मोकळी हवा आणि वेळ. बहुतेक तक्रारी यातलं काहीतरी कमी पडल्यामुळेच येतात.

आतली रचना फ्रिजसारखी असते, फक्त इथे आपल्याला गारवा नको, उष्णता हवी असते. पंखा हवा ओढून इव्हॅपोरेटरच्या पात्यांवरून सोडतो. तिथल्या नळ्यांतला गार, द्रवरूप गॅस हवेची उष्णता घेऊन वाफ होतो. कॉम्प्रेसरने दाबला की तोच गॅस खूप तापतो, टाकीभोवतीच्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब उतरला की तो परत गार होतो. यंत्रातून बाहेर पडणारी हवा थंड असते, आणि हवेतली ओल पात्यांवर जमून ठिबकते.

आधी हिशेब

टाकीत ५५ अंशांचं पाणी आणि नळाचं पाणी २५ अंश धरलं, तर ४० अंशांच्या २० लिटरच्या बादलीला टाकीतलं फक्त १० लिटर लागतं. बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना रोज ४० लिटर पुरतं. ते तापवायला साध्या गीझरला सुमारे दीड युनिट लागतं, म्हणजे हीट पंपने रोजचं जेमतेम एक युनिट वाचेल. अशा घराने हे महागडं यंत्र घेऊ नये, असंच आम्ही सांगू.

शॉवर असेल तर चित्र बदलतं. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर ८ मिनिटं चालला की ६४ लिटर होतात, त्यातलं निम्मं टाकीतलं. चौघांचं आणि स्वयंपाकघराचं मिळून रोज १५० लिटर धरा. साधा गीझर त्यासाठी सव्वापाच युनिट घेईल, हीट पंप पावणेदोन. महिन्याला शंभर युनिटच्या आसपास वाचतात. या घराला २०० लिटरची टाकी योग्य.

जागा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. टाकी आणि मशीन एकत्र असलेल्या मॉडेलला साधारण ७०० ते १,००० घनफूट हवा लागते. चार बाय सात फुटांच्या, नऊ फूट उंच बाथरूममध्ये ती २५२ घनफूटच असते. तिथे यंत्र स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढत बसतं आणि वीज खातं. बाथरूमवरचा माळा त्याहून वाईट. बाहेर हवा खेळती असलेली ड्राय बाल्कनी उत्तम. तीही नसेल तर स्प्लिट मॉडेल घ्या: टाकी आत, मशीन बाहेर. गॅस आर-२९० असेल तर तो ज्वलनशील असतो, बंदिस्त जागा अजिबात नको.

वजन विसरू नका. भरलेली २०० लिटरची टाकी २७० किलोच्या आसपास जाते आणि ते सगळं दोन बाय दोन फुटांवर येतं. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेलं असतं. म्हणून टाकी बीमला किंवा भिंतीला लागून ठेवा, आणि जुन्या इमारतीतल्या पुढे आलेल्या बाल्कनीत ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ठेवू नका. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या. वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागात खाऱ्या हवेने पाती खराब होतात. कोटिंग असलेली पाती मागून घ्या.

जोडणी

टाकीच्या आत येणाऱ्या पाइपवर बंद करायचा व्हॉल्व्ह हवा. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप खाली उतरता, उघडा आणि दिसेल असा सोडा; तो कधीही बुजवू नका. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर गेलं की दोनेक लिटरने वाढतं. प्रेशर पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलेल्या घरात हे वाढलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून तापताना तिथून ठिबकतं. ती गळती नव्हे.

पात्यांवरच्या पाण्याला वेगळा, उतार दिलेला ड्रेन पाइप लागतो. पावसाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर सहज निघतं. पाइप शेवाळाने तुंबला की पाणी मशीनखाली साचतं, म्हणून जूनच्या आधी तो धुऊन घ्या.

विजेसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्वीच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्वीच), २.५ चौ. मि.मी. तांब्याची वायर आणि पक्कं अर्थिंग.

पहिल्यांदा सुरू करताना

वाहतुकीत यंत्र आडवं झालं असेल तर ते २४ तास उभं ठेवा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या. मग गरम पाण्याचा नळ उघडून टाकी भरा. हवेचे बुडबुडे थांबून सलग धार आली की मगच स्वीच टाका. रिकाम्या टाकीत बॅकअप हीटर, म्हणजे जोडीला दिलेली साध्या गीझरसारखी कॉइल, जळून जातो.

तापमान ५० ते ५५ ठेवा आणि मोड फक्त हीट पंपचा. आठवड्यातून एकदा ६० अंशांवर नेल्याने टाकीत लेजिओनेला जंतू वाढत नाहीत. थंड टाकी तापायला तीन-चार तास लागतात, म्हणून टायमर दुपारचा लावा: हवा सर्वांत गरम तेव्हाच असते, आणि पंख्याचा आवाज झोपेतही येत नाही.

बिघडलं तर

बिल अचानक वाढलं तर आधी बॅकअप हीटर चालू राहिलाय का ते पाहा, मग एअर फिल्टर. धुळीने भरलेला फिल्टर हे नेहमीचं कारण. मुंबईच्या हवेत पात्यांवर बर्फ दिसला तर हवा अडली आहे किंवा गॅस गळतोय.

टाकी गरम पण नळाला कोमट पाणी, हे वेगळं दुखणं. मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे आणि हँडशॉवर त्याच्या बटणाने बंद, असं कुणी ठेवलं की थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. टाकीचा इनलेट बंद करून गरम नळ उघडा. धार चालूच राहिली तर घरातला एखादा मिक्सर शोधा, टाकीला हात लावू नका.

अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी, दर दोन वर्षांनी काढून बघा, टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी. आतली तार उघडी पडली की लगेच बदला, नाहीतर गंज टाकीला लागतो. वरून निघणारा रॉड असेल तर तो बाहेर ओढायला टाकीवर जागा लागते. ती बसवतानाच मोजून ठेवा.