"लक्ष कुठंय तुझं?" असं ओरडून झालं असेल तर हे करून बघा

मी कळव्यात दुपारच्या सेशनला सहावी शिकवते, वर्गात 58 पोरं आणि खिडकीबाहेर रेल्वे लाईन. आधी मी गाडीपेक्षा मोठ्यानं ओरडायचे. आता गाडी आली की सरळ गप्प बसते, ती गेली की बोलते, घसा वाचतो आणि पोरंही आपोआप माझ्याकडे बघतात.

पहिलं म्हणजे सूचना एका वेळी एकच द्या. "वही काढा, तारीख टाका, पान 42 उघडा, तीन प्रश्न सोडवा, झालं की शेजाऱ्याला दाखवा" एवढं एका दमात बोललो की अर्धा वर्ग विचारतो, "बाई, काय करायचं?" आणि आपण चिडतो, पण डोक्यात एका वेळी तीन-चारच गोष्टी राहतात, आपल्याही. फळ्याच्या कोपऱ्यात 1, 2, 3 लिहून ठेवा, विसरला तर तो बघेल.

प्रश्न विचारला की थांबा. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि पोरांचं नुसतं गप्प उभं राहणं कमी होतं. मी पाठीमागे बोटं मोजते. सुरुवातीला ते तीन सेकंद जीव खातात हो!

आणि शिक्षा म्हणून पीटीचा तास कापू नका. मी कापलाय, पुढच्या तासाला वर्ग दुप्पट उधळला.

आता चुळबुळ्या पोरांचं. माझ्याकडे एक जण सतत बेंच वाजवायचा, गणपती जवळ आले की तर ताशाच. सगळ्यांसमोर बोलून काही फरक नाही पडला, मग मधल्या सुट्टीत एकट्याला बसवून विचारलं, हात शिवशिवले तर तू काय करशील? उपाय त्यानंच सांगितला, बाटलीचं झाकण फिरवीन. असं 'अमुक झालं तर तमुक करीन' आधीच ठरवलेलं असलं की ऐनवेळी विचार करत बसावं लागत नाही. फक्त ते पोरानं स्वतः ठरवायला हवं, आपण लादलं की दोन दिवसांत बोंब. (कुणाला फारच त्रास होत असेल तर आधी डोळे, कान, झोप याबद्दल घरी विचारा, लगेच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, लेबल नको.)

रोज जमतं असं नाही. कालच ठेका सुरू झाला होता, अर्ध्यात थांबला, माझ्याकडे बघितलं आणि बाटली शोधायला दप्तरात डोकं घातलं.