केव्ह डायव्हिंग पुढे करायचंय? मग रेग्युलेटर घेताना आधी होज कुठे जातात ते बघा

मी स्वतःचा पहिला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा सेट, घेतला तेव्हा जेमतेम पंचवीस डाइव्ह झाल्या होत्या, पण केव्ह डायव्हिंगचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांत जायचं, वेड डोक्यात शिरलेलं होतं. रिव्ह्यू वाचून वाचून डोळे दुखले, कुठला किती सहज श्वास देतो, थंड पाण्यात कुठला टिकतो, आणि शेवटी ऐपत नसताना एकाच मॉडेलचे दोन फर्स्ट स्टेज (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणारा, दाब कमी करणारा भाग) घेतले, पुढे ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवरच्या जोडसिलिंडरवर, लागतील म्हणून. दोन वर्षांनी केव्हच्या कोर्सला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की हे दोन्ही माझ्या कामाचे नाहीत. खराब होते असं अजिबात नाही, श्वास एकदम मऊ. पण त्यांचे पोर्ट, म्हणजे होज (नळ्या) लावायची भोकं, नको त्या दिशेला बघत होते.

बाकीचं तुम्हाला माहीत असणार म्हणून भराभर सांगतो. सिलिंडरला जोडायचं कनेक्शन डिनच, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारं, घ्या. योक, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायचा शिकंजा, 232 बार दाबापर्यंतच चालतो, आणि त्यात ओ-रिंग (रबरी कडं) व्हॉल्व्हच्या तोंडावर नुसती दाबून बसलेली असते, गुहेच्या छताला जोरात आपटलं तर सरकू शकते. डिनमध्ये ती आट्यांच्या आत पकडलेली राहते. डिनमध्येही 300 बारचा घ्या, तो 200 च्या व्हॉल्व्हवरही बसतो, उलटं होत नाही. युरोपातून मागवणार असाल तर एक बघा, तिकडे नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या गॅसचा) म्हणून विकला जाणारा सेट एम26 आट्यांचा असू शकतो, तो आपल्या नेहमीच्या जी5/8 डिन व्हॉल्व्हवर बसणार नाही. फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड हवा, म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास जड होत नाही. मला स्वतःला सील्ड डायफ्रॅम (आत लवचिक पडदा, बाहेरून बंद) आवडतो कारण गुहेतला गाळ पिठासारखा बारीक असतो आणि सील्डमध्ये तो स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. पडद्याऐवजी पिस्टन असलेला वापरणारेही वर्षानुवर्षं गुहांमध्ये जातायत, त्यावरून भांडू नका.

आता होजचं. हे नीट वाचा, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

एकाच सिलिंडरवर फर्स्ट स्टेज मानेमागे मधोमध बसतो, दोन होज उजवीकडे, दोन डावीकडे, काम झालं. ट्विनसेटवर दोन फर्स्ट स्टेज दोन खांद्यांमागे येतात आणि तिथे होजला दोनच दिशा चालतात, खाली आणि आत. उजव्या पोस्टवरून (उजव्या व्हॉल्व्हवरून) लाँग होज, सात फुटी, म्हणजे साधारण 2.1 मीटर, सरळ विंगमागून (पाठीवरच्या हवेच्या पिशवीमागून) खाली उतरतो, उजव्या काखेखालून पुढे येतो, कमरेच्या लाइट कॅनिस्टरखाली (टॉर्चच्या बॅटरीच्या डब्याखाली) दाबला जातो, छातीवरून तिरका डाव्या खांद्याकडे आणि मानेमागून तोंडात. त्याच पोस्टवरून विंगमध्ये हवा भरायचा इन्फ्लेटर होज आतल्या बाजूने मानेमागून डाव्या खांद्यावर. डाव्या पोस्टवरून छोटा होज आत, मानेमागून उजवीकडे, गळ्यातल्या बंजीत (लवचिक दोरीत) अडकवलेल्या सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडात धरायच्या भागाला. आणि एसपीजी, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज, डावीकडून सरळ खाली कमरेला, ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) असेल तर त्याचा होजही खालीच. लाँग होज उजव्याच पोस्टवर का, तर पुढे जाताना नॉब छताला घासला तर डावा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या दिशेला फिरतो आणि उजवा उघडायच्या, आणि जो रेग्युलेटर गॅस संपलेल्या माणसाच्या तोंडात द्यायचा तो बंद पडून चालणारच नाही.

माझ्या फर्स्ट स्टेजला लो प्रेशरचे चार पोर्ट होते, दोन एका बाजूला, दोन बरोबर विरुद्ध बाजूला, फिरणारा टरेट (होजसकट फिरणारं डोकं) नाही. उभा बसवला की लाँग होज खांद्याबाहेर आडवा निघायचा. नव्वद अंशात फिरवला की लाँग होज छान खाली, पण इन्फ्लेटरचा होज थेट वर. मग तो वर जाऊन वळायचा आणि डोक्यामागे कपाच्या कानासारखी कमान व्हायची. मधला कोन शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या, लांबीचे वेगळे होज आणले, नव्वद अंशाचा एल्बो लावला, म्हणजे गळायला आणखी एक जागा तयार केली. शेवटी एवढंसं काय बिघडणार म्हणून तसाच कोर्सला गेलो.

कोर्समध्ये काळा मास्क लावून, अंगठा आणि तर्जनीच्या गोलात लाइन, म्हणजे बाहेरपर्यंत नेणारी दोरी, धरून बाहेर यायचा सराव असतो. लाइन एका दगडाला वळसा घालून वर चढत होती, मी तिच्या खालून गेलो आणि लाइन त्या कमानीत शिरली. कळलंच नाही. फिन मारतोय आणि पुढे सरकत नाही, मानेमागे हलकासा ओढा. मी जोर लावला, आणि तीच चूक, लाइन आणखी ताणली. मग सरांचा हात दंडावर आला, थांब म्हणून दाबला, मला हातभर मागे ओढलं आणि लाइन सुटली. वीसेक सेकंद असतील फार तर, पण तेवढ्यात श्वास इतका वाढला होता की बाहेर आल्यावर गेज बघून मी बराच वेळ काही बोललो नाही. सरांनी त्या कमानीत स्वतःचा हात मनगटापर्यंत घातला आणि म्हणाले, "हे बघ. गुहेत हा गळ आहे." तो सराव होता, ते शेजारी होते, पाणी स्वच्छ होतं. खऱ्या सिल्टमध्ये (ढवळलेल्या गाळात), समोर गॅस संपलेला जोडीदार असताना हेच झालं असतं तर काय, हा विचार अजूनही रात्री येतो.

म्हणून पैसे देण्याआधी हे करा. जो फर्स्ट स्टेज घ्यायचाय त्याचा प्रत्येक पोर्ट कुठल्या कोनात आहे ते बघा, फोटोत नाही, हातात घेऊन. शक्य असेल तर ट्विनसेटच्या व्हॉल्व्हवर कोरडाच बसवा, सगळे होज लावा, हाय प्रेशरचासुद्धा, कारण बऱ्याचदा लो प्रेशरचे सगळे नीट बसतात आणि एसपीजीचाच होज वर तोंड करून बसतो. मग कोणाला तरी दोरीचा तुकडा देऊन डोक्यापासून पाठीपर्यंत फिरवायला सांगा. दोरी जिथे अडकेल तिथे लाइन अडकेल. हे फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे, आणि मी केलं नाही.

साइडमाउंटला (सिलिंडर पाठीऐवजी अंगाच्या दोन बाजूंना) गणित वेगळं, तिथे होज सिलिंडरला समांतर पळवायचे असतात, त्यामुळे फिरणारा टरेट आणि टरेटच्या टोकाला पाचवा पोर्ट असला की फार सोपं जातं. पुढे ट्विनसेट करणार की साइडमाउंट हे ठरलं नसेल तर असाच घ्या, बहुतेक वेळा दोन्हीकडे जमवता येतो.

सेकंड स्टेजबद्दल एकच आग्रह. गळ्यातला सेकंड स्टेज तोंडातल्याच दर्जाचा हवा. ऑक्टोपस म्हणून मिळणारा स्वस्तातला नको, कारण गॅस शेअर करायची वेळ आली की तोंडातला जोडीदाराला जातो आणि घाबरलेले तुम्ही गळ्यातल्यावर बाहेर येता, कदाचित अर्धा तास. पुढचं झाकण हाताने उघडता येत असेल तर आणखी चांगलं, वाळूचा कण काढता येतो.

आणि सल्ला कोणाकडून घेताय ते बघा. मला हे मॉडेल सुचवणारा माणूस चांगला इन्स्ट्रक्टर होता, पण स्वतः कधी गुहेत गेलेला नव्हता आणि तेच मॉडेल विकत होता. माझं स्पष्ट मत आहे, जो विकतो त्याच्याकडून किंमत विचारावी, सल्ला विचारू नये. "आत्ता काहीही घे, पुढे बदलशील" म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा, पुढे बदलायचे पैसे तो देत नाही. ज्यांच्याकडे केव्ह कोर्स करायचाय त्यांनाच आधी विचारा, कोर्सला वर्ष असलं तरी. चांगले शिकवणारे याचं उत्तर आनंदाने देतात.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी 1970 च्या दशकात गुहांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा पुन्हा पुन्हा तेच समोर आलं, बाहेरपर्यंत सलग लाइन नाही, आत जायला एक तृतीयांशच गॅस वापरायचा हा नियम मोडलेला, नको तितकं खोल जाणं. रेग्युलेटरचा ब्रँड त्यात नव्हता. आजचे नावाजलेल्या कंपन्यांचे बॅलन्स्ड रेग्युलेटर सगळेच उत्तम श्वास देतात, म्हणून श्वासाच्या तुलनेत महिने घालवू नका. आज एकच घ्या, डिन, बरोबर पोर्टवाला, त्याच्यावर साध्या डाइव्ह करा, आणि केव्हचं नक्की झालं की त्याच मॉडेलचा दुसरा घ्या, म्हणजे सुटे भाग आणि सर्व्हिस किट एकच लागतात. ते किट तुमचा टेक्निशियन मागवू शकतो का हे मात्र पहिला घेण्याआधी विचारा.

सर्व्हिसवरून आलेला सेट थेट गुहेत नेऊ नका, कितीही ओळखीचा टेक्निशियन असला तरी. आयपी गेज (फर्स्ट स्टेजमधून निघणारा मधला दाब मोजणारा) लावा, हा दाब बहुतेक मॉडेलमध्ये 9 ते 10 बारच्या आसपास असतो, कंपनीचा आकडा बघून घ्या. सुई त्या आकड्यावर येऊन थांबली पाहिजे. थांबल्यावरही हळूहळू वर चढत राहिली तर हाय प्रेशर सीट नीट बंद होत नाहीये, आज ना उद्या सेकंड स्टेज फ्री-फ्लो होणार, म्हणजे आपोआप हवा सोडत राहणार. सुई थांबली तरी दोन डाइव्ह उघड्या पाण्यात करा, मग आत.

माझ्या त्या दोन फर्स्ट स्टेजपैकी एक विकला, घेणाऱ्याला पोर्टचं सगळं सांगून, त्याला एका सिलिंडरवरच लावायचा होता. दुसरा स्टेज सिलिंडरवर (सोबत न्यायच्या जादा सिलिंडरवर) आहे. तिथे दोनच होज लागतात, सेकंड स्टेजचा आणि छोट्या गेजचा, आणि दोन्ही जिथे जायला हवेत तिथे जातात.