गळ्यातलं बटण आणि दाराची कडी

माझ्या गळ्यातलं मदतीचं बटण, म्हणजे दाबलं की ठरलेल्या माणसांना फोन लावणारं छोटं यंत्र, मी पहिल्यांदा खरंखुरं दाबलं, त्या पहाटे त्यानं आपलं काम चोख केलं. साडेपाचला दाबलं आणि तीन मिनिटांत शेजारच्या वहिनी दारात हजर. पुढची पंचवीस मिनिटं त्या दाराबाहेर आणि मी आत. दाराला आतून कडी! शेवटी समोरच्या काकांनी पहार आणली आणि कोयंडा लाकडासकट निघाला. मी मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या पडल्या "जपून, जपून" ओरडत होते. दाराला म्हणत होते की स्वतःला, देव जाणे.

तेव्हापासून कुणी मला विचारलं, "बाई, तुमच्यासारखं बटण घ्यायचंय, कुठलं घेऊ?" तर मी आधी विचारते, "रात्री कडी लावता का?"

थोडं माझ्याबद्दल. पावणेदोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजव्या पायातली ताकद मांडीपासून गेली. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, शाळेपासून; डाव्या हातातली एल्बो क्रच, म्हणजे कोपराखाली अडकवायची कुबडी, चाळिशीपासून. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आता साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ तळमजल्यावर एकटी राहते; मुलगा बंगळूरला. पोलिओ होऊन तीस-चाळीस वर्षं उलटली की कधी कधी नवी अशक्तता सुरू होते, तिला डॉक्टर पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. ज्या चांगल्या पायानं जन्मभर दोघांचा भार ओढला, तोच आता कुरकुरतो. देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला. म्हणजे आमची जमात आता संपत आली, पण पडायला अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत.

आधी दार

दाराला लॅच बसवा, बाहेरून किल्लीनं उघडेल असं. आतली कडी काढूनच टाका, नाहीतर हात सवयीनं तिकडे जातो. लॅचचा आतला खटका पाडून ठेवू नका आणि आतून किल्ली लावून सोडू नका; बऱ्याच कुलपांत आत किल्ली असली की बाहेरची किल्ली फिरत नाही. माझी एक किल्ली वहिनींकडे असते, एक काकांकडे. दोन्हींना लाल लोकरीचा गोंडा आहे. अंधारात, घाईत, दहा किल्ल्यांच्या जुडग्यात आपली कुठली हे शोधत बसायला नको.

कडीशिवाय झोपायला मला पंधरा दिवस लागले. आईला जाऊन बारा वर्षं झाली, तरी "कडी लावलीस का गं?" हे रात्री ऐकू यायचंच. पण चोर येण्यापेक्षा मी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त, हा हिशोब एकदा मनाशी पक्का केला.

मग बाथरूमचं दार. आपल्याकडे ते बहुतेक आत उघडतं. माणूस आत पडला की दारालाच अडतो. बाहेरच्यानं ढकललं तर दार त्याच्या अंगावर जातं. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. तेवढंही जमत नसेल तर निदान आतला बोल्ट काढा. एकट्या बाईला बाथरूममध्ये कुणापासून लपायचंय?

मग माणसं

बटणात तीन ते पाच नंबर भरता येतात आणि ते क्रमानं लागतात. पहिला नंबर आपण हमखास मुलाचा देतो. मीही दिला होता. बंगळूरचा मुलगा रात्री अडीचला दचकून उठणार आणि तिथून साताऱ्याला फोन लावत बसणार. म्हणून नंबर लावायचे ते पायी अंतराप्रमाणे. माझ्याकडे पहिल्या वहिनी, दुसरे काका, तिसरा करंजे नाक्याजवळ राहणारा भाचा, आणि मुलगा चौथा. त्याला वाईट वाटलं, समजावलं. प्रेमाच्या क्रमानं नाही लावत, चपला घालून किती मिनिटांत येतो त्या क्रमानं लावते.

बटणात वेगळं सिम असतं, त्यामुळे फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि हल्ली अनोळखी नंबर कोण उचलतं? कर्ज हवंय का विचारणारे असतात. म्हणून प्रत्येकाच्या फोनमध्ये तो नंबर मी स्वतः बसून सेव्ह करून दिला. नाव ठेवलंय "बाई पडल्या, उचला". त्याला तारा लावून आवडत्या संपर्कांत टाकला, आणि रात्री फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर ठेवला तरी ताऱ्यावाल्यांचा वाजू दे, अशी सेटिंग करून दिली. आयफोनमध्ये त्या एका नंबरापुरता "इमर्जन्सी बायपास" चालू करता येतो. हे काम लोकांवर सोपवू नका. "करतो बाई" म्हणतात आणि विसरतात. वर्गातला अनुभव आहे.

एक बारीक गोष्ट. कुणाचा फोन बंद असला आणि व्हॉइसमेल लागला, तर काही यंत्रांना वाटतं फोन उचलला, आणि ती पुढचा नंबर लावतच नाहीत. यादीतल्या प्रत्येकाचा व्हॉइसमेल बंद करून घ्या.

112 मी यादीत घातलेला नाही, कारण चुकून दाबलं जाण्याचे प्रसंग बरेच येतात. तो लागेल तेव्हा मी किंवा वहिनी मुद्दाम लावू. ज्यांना शेजारच नाही, त्यांनी तो शेवटी घालावा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी हा एकच क्रमांक. फक्त रुग्णवाहिका हवी असेल तर 108. पण हा फोन आपल्या गल्लीत नाही, लांबच्या केंद्रात उचलला जातो. पत्ता जिल्ह्यापासून सांगत खाली यायचं: जिल्हा, तालुका, पेठ, मग ठळक खूण. यंत्र आपलं ठिकाण आपोआप पाठवेल यावर विसंबू नका. स्लॅबखाली जीपीएस नीट मिळत नाही, मग ते मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं. चाचणीच्या वेळी एकदा मी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर असल्याचा मेसेज मुलाला गेला. कॅलिपर लावून मी किल्ला चढले म्हणून त्यानं अभिनंदन केलं.

आता बटण

दुकानात उभं राहून बटण दाबून बघण्यात काही अर्थ नाही. घरी सतरंजी घाला, कुणाला तरी शेजारी बसवा आणि आपण जसे पडतो तसे जमिनीवर आडवे व्हा. मी नेहमी उजवीकडे पडते आणि उजवा हात अंगाखाली जातो. डावा हात मोकळा राहतो, पण क्रच त्याच हातात अडकलेली. गळ्यातलं पेंडंट घसरून पाठीमागे गेलेलं. त्या अवस्थेत कुठवर हात पोचतो ते पाहिलं, तेव्हा कळलं की दोरी फार लांब आहे. आता ती आखूड आहे, बटण छातीच्या हाडावर बसतं आणि गाउनला आतून शिवलेल्या कप्प्यात राहतं, लोंबकळत नाही. दोरी जोरानं ओढली तर आपोआप सुटेल अशा जोडाचीच घ्या. क्रचच्या मुठीत किंवा व्हीलचेअरच्या हँडलमध्ये अडकली तर फास बसायला नको.

मनगटावरचं आधी वापरून पाहिलं होतं. क्रचच्या हाताला बांधलं तर पावलागणिक हादरे, दुसऱ्या हाताला बांधलं तर तोच हात पडताना अंगाखाली. तुमचं गणित वेगळं असेल, म्हणून तर सतरंजी घालायची.

"पडलात की आपोआप ओळखतं" अशी जाहिरात असते. ॲपल वॉचमध्ये ही सोय 2018 पासून आहे, आता इतरही घड्याळांत आणि पेंडंटांत आली आहे. चांगली आहे, पण आपल्यासारख्यांचं चालणं-बसणं बघून ती बनवलेली नाही. खुर्चीत बसताना मी कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप सोडते आणि धप्पकन बसते. यंत्राला वाटतं बाई पडल्या. पहिल्या आठवड्यात वहिनी चार वेळा धावत आल्या. आणि खरोखर पडले ते भिंतीला धरून हळूहळू घसरत, तर यंत्र गप्प. व्हीलचेअरवरून सावकाश घसरणाऱ्यांचंही असंच होतं. सोय चालू ठेवा, पण भरवसा बोटावर ठेवा. माझ्या पेंडंटवर बटणं दोन, दिसायला सारखी. मदतीच्या बटणावर मी एम-सीलचा मुगाएवढा ठिपका लावलाय, अंधारात बोटाला लागतो.

सिमचं सांगते, कारण यात बरेच फसतात. स्वस्तातली पुष्कळ पेंडंटं फक्त 2जी वर चालतात, आणि जिओकडे 2जी मुळातच नाही. ते सिम त्यात घालून उपयोग शून्य. शक्यतो 4जी वर बोलणं होईल असं यंत्र घ्या. कुठल्या कंपनीचं सिम घ्यायचं, ते दुकानदाराला विचारून ठरवू नका. दोन-तीन जणांचे फोन घेऊन बाथरूममध्ये जा, दार लावा, तिथून बोलून बघा. ज्याचा आवाज नीट पोचतो त्याचं सिम. रिचार्ज एकदम लांब मुदतीचा मारा. या सिमवरून रोज कुणी बोलत नाही, त्यामुळे ते बंद पडल्याचं कळतच नाही. माझं एकदा अकरा दिवस बंद होतं. गळ्यात नुसतं प्लास्टिक घालून फिरत होते.

पाण्याचं: आयपी67 लिहिलेलं असेल तर ते एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास टिकतं. साबण आणि कढत पाण्याची हमी त्यात नसते. तरी अंघोळीला मी ते घालूनच जाते. खराब झालं तर नवीन येईल. खुंटीला अडकवलेलं बटण आणि दुकानातलं बटण यांत काडीचा फरक नाही, हे मी एकदा ओल्या फरशीवरून खुंटीकडे बघत शिकले आहे.

चार्जिंग रात्री करू नका. रात्री कॅलिपर काढलेलं असतं, लघवीला भिंत धरून जावं लागतं, आणि माझ्या निम्म्याहून जास्त पडण्या त्याच वेळच्या. पोळ्यावाल्या मावशी दुपारी चार ते पाच असतात, तो माझ्या बटणाचा चार्जिंगचा तास.

दाबल्यावर

घाबरून नुसतं "अगं आई गं" एवढंच तोंडातून येतं, म्हणून वाक्य पाठ करून ठेवा. माझं असं: "मी पडलेय, शुद्धीवर आहे, बाथरूमपाशी आहे, किल्ली घेऊन या, ओढू नका."

ते "ओढू नका" फार महत्त्वाचं. आलेला माणूस आधी काखेत हात घालून उचलायला बघतो. पोलिओच्या पायाची हाडं ठिसूळ असतात आणि आमचे खांदे आधीच क्रचनं झिजलेले. मी वहिनी आणि काकांना बसवून शिकवलंय. आल्यावर आधी पाय वाकडा दिसतो का, हलवताना कळ येते का ते बघायचं. तसं असेल तर अंगावर चादर घाला आणि 108 लावा, हलवू नका. तसं नसेल तर जवळ पाट ठेवा. मी हातांवर जोर देऊन पाटावर बसते. मग स्टूल, पाटावरून स्टूलावर. मग खुर्ची, मागून घट्ट धरलेली. प्रत्येक पायरीवर दम खायचा. दहा मिनिटं लागतात, पण कुणाची कंबर धरत नाही.

माझ्यासारख्या नसलेल्यांसाठी

ज्यांना कानानं ऐकू येत नाही त्यांनी फोन लागल्याचं थरथरून किंवा दिव्यानं कळवणारं यंत्रच घ्यावं. बोलणं स्पष्ट नसेल तर आधी रेकॉर्ड केलेला निरोप वाजवणारं. बोटांत ताकद कमी असेल तर दुकानात नखानं नव्हे, हाताच्या मुठीनं दाबलं जातं का ते बघा. ॲपल वॉचमध्ये असिस्टिव्हटच चालू केलं तर मूठ आवळून किंवा चिमटीच्या खुणेनं घड्याळ चालवता येतं. ज्यांना मणक्याच्या दुखापतीमुळे त्वचेला स्पर्श कळत नाही, त्यांनी पट्ट्याखालची कातडी रोज डोळ्यांनी पाहायची. काचलेलं जाणवणार नाही.

आणि ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी साधा कीपॅडचा फोन. 2017 पासून भारतात विकायच्या अशा फोनमध्ये 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की 112 ला फोन लागावा, असा नियम आहे. आपल्या फोनच्या कागदात कुठलं बटण ते बघा, आणि फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवा. 2 चं बटण दाबून धरलं की शेजारी, असं स्पीड डायलही लावता येतं, आणि सरावाला तेच वापरा. 112 ला उगाच चाचणीचे फोन करायचे नाहीत.

सराव दर महिन्याला हवाच. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की मी त्याच दिवशी न सांगता बटण दाबते. वहिनी आणि काका, दोघांचीही पाळी येते. ज्याची असेल त्यानं किल्लीनं दार उघडून आत यायचं, चहा माझ्याकडे. मागच्या वेळी काकांना साडेचार मिनिटं लागली. चष्मा सापडत नव्हता म्हणाले. आता किल्लीच्या गोंड्याशेजारीच एक जुना चष्मा बांधून ठेवलाय.