कोर्टातला स्टेनो व्हायचंय? दहावीपासून तयारी अशी करा

"आरोपीने रात्री गोठ्याच्या कोपऱ्याला काडी लावली." न्यायाधीश साहेबांनी चेंबरमध्ये, म्हणजे त्यांच्या खोलीत, आदेश सांगितला, मी वहीत घेतला आणि टाइप करून समोर ठेवला. माझ्या कागदावर होतं, "गोठ्याच्या कोपऱ्याला गाडी लावली." शॉर्टहँड म्हणजे लघुलेखन, बोलणं खुणांच्या लिपीत भरभर उतरवायची कला. तिच्या पिटमन पद्धतीत क आणि ग यांची रेघ एकच, आडवी. क बारीक, ग ठळक. माझी पेन्सिल बोथट झाली होती आणि क ची रेघ जाड उमटली होती. साहेबांनी वाचलं म्हणून सही व्हायच्या आत चूक सापडली. नाहीतर आग लावणारा माणूस माझ्या कागदावर गाडी उभी करणारा ठरला असता.

मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात 19 वर्षं हे काम करतेय. सुट्टीत गावी गेले की दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील विचारतात, "ताई, तुमच्यासारखी नोकरी मिळवायला काय शिकावं लागतं?" त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी काम समजून घ्या

कोर्टाचा स्टेनो म्हणजे जे कानावर पडेल ते सगळं शब्दन् शब्द उतरवणारा माणूस, असं बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेत तसं असतं. तिथला कोर्ट रिपोर्टर मोजक्या बटणांच्या स्टेनोटाइप यंत्रावर सगळं बोलणं टिपतो आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या परीक्षेत साक्षीच्या भागासाठी मिनिटाला 225 शब्दांचा वेग लागतो. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकून साक्षीच्या भाषेत सांगतात आणि स्टेनो तिथल्या तिथे संगणकावर टाइप करतो. साक्ष बहुतेक वेळा सलग निवेदनात जाते, गरज पडली तर न्यायाधीश तेवढा भाग प्रश्नोत्तरात घेतात. आदेश आणि निकालपत्रं मात्र चेंबरमध्ये शॉर्टहँडमध्ये घ्यावी लागतात.

म्हणजे दोन वेगळी कौशल्यं लागतात. भरल्या कोर्टात न बघता टायपिंग आणि बंद खोलीत शॉर्टहँड. एकच शिकून भागत नाही.

आणखी एक फरक शाळेतच डोक्यात बसवा. पोलिसांपुढे होतो तो जबाब, कोर्टात होते ती साक्ष. साक्षीचे टप्पे तीन: सरतपासणी (साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपासणी (समोरच्या वकिलाचे प्रश्न) आणि लागली तर फेरतपासणी (पहिल्या बाजूचे पुन्हा प्रश्न).

दहावीच्या सुट्टीत टायपिंग

सुरुवात टायपिंगपासून करा, शॉर्टहँडपासून नको. आपल्या राज्यात टायपिंग आणि शॉर्टहँड या दोन्हींच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्रजी 30, मग इंग्रजी 40 असा क्रम ठेवा. क्लास निवडताना तो शासनमान्य आहे का, एवढं आधी विचारा. तालुक्याच्या ठिकाणी अशा संस्था सापडतात.

बोटं योग्य बटणांवर बसेपर्यंत वेगाचा विचार करू नका. पहिले दोन महिने कळफलकावर रुमाल टाकून सराव केलात तर पुढे कोर्टात साक्षीदाराच्या तोंडाकडे बघत टाइप करता येतं. मोबाइलवर अंगठ्याने मराठी लिहायची सवय इथे उपयोगी पडत नाही, उलट ती विसरावी लागते.

अकरावीपासून शॉर्टहँड

आयझॅक पिटमन यांनी 1837 साली इंग्रजीसाठी ही पद्धत मांडली आणि मराठी लघुलेखनही त्याच वळणावर उभं आहे. स्पेलिंग सोडून द्यायचं आणि कानाला ऐकू येईल तो ध्वनी रेघेत आणायचा, एवढंच तिचं मूळ. व्यंजनं रेघांनी, स्वर ठिपक्यांनी आणि छोट्या डॅशनी. वेग वाढला की स्वर गळतात, उरतं ते नुसतं व्यंजनांचं चित्र. त्याला आम्ही आउटलाइन म्हणतो. ती ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ छेदून गेली आहे, यावरून कुठला स्वर गळला त्याचा अंदाज येतो.

म्हणून जाडी आणि जागा, या दोन गोष्टींवर पहिलं वर्ष घालवा. चांगली टोक केलेल्या चार-पाच पेन्सिली जवळ ठेवा. एक बोथट झाली की दुसरी घ्यायची, मध्ये टोक करत बसायचं नाही. वही रेघांची घ्या आणि लिहितानाच डाव्या हाताने पान उचलून तयार ठेवायची सवय लावा. पान उलटताना दोन-तीन शब्द निसटतात आणि नेमका तिथेच एखादा "नाही" असतो.

शॉर्टहँडच्या परीक्षेचे टप्पे 60, 80, 100, 120 शब्द प्रति मिनिट असे आहेत. 60 पर्यंत मेहनती मूल वर्षभरात पोचतं, असा माझा अनुभव. 80 च्या उंबरठ्यावर मात्र बहुतेक जण अडकतात आणि इथेच निम्मी मुलं क्लास सोडतात. मीही तिथे सहा महिने अडकले होते. कारण नंतर कळलं. आमच्या क्लासमध्ये ठरावीक उतारे फिरवून फिरवून देत. आम्हाला ते पाठ झाले होते. हात चालायचा, कान झोपलेला. नवा उतारा आला की पेन्सिल थबकायची. ते सहा महिने वाया गेल्याची खंत आजही वाटते, म्हणून सांगते: एक उतारा चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नका.

घरी डिक्टेशन घ्यायला मोठी सोय लागत नाही. वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या, 400 शब्द मोजा आणि दर 20 शब्दांनंतर पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवून धाकट्या भावाला किंवा बहिणीला वाचायला बसवा. दर 15 सेकंदांना एक रेघ गाठली की वेग 80 चा झाला आणि उतारा बरोबर पाच मिनिटांत संपतो. 60 साठी रेघ 15 शब्दांवर मारायची, 100 साठी 25 वर. घड्याळाच्या प्रत्येक पाव मिनिटाला वाचणारा आणि रेघ जुळली पाहिजे. आधी मनाप्रमाणे सावकाश, मग ठरलेल्या वेगाने, मग मुद्दाम दहाने जास्त. तिसऱ्या वेळी गाळलेले शब्द सुटे काढा आणि प्रत्येकाची आउटलाइन वीस वेळा लिहा.

यानंतरचा भाग मुलं टाळतात. घेतलेलं सगळं वहीतून मोठ्याने वाचायचं आणि मग टाइप करायचं. दुसऱ्या दिवशी, मूळ उतारा न बघता. कोर्टात सकाळी घेतलेलं निकालपत्र संध्याकाळी उलगडावं लागतं, कधी दोन दिवसांनी. स्वतःचं अक्षर शिळं झाल्यावर वाचता आलं तरच ते लिहिणं उपयोगाचं.

कोर्टाचे शब्द वेगळे गोळा करा

1998 पासून राज्यातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत चालतं आणि आपल्याकडे त्याचं खंडपीठ 1981 पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. जिल्ह्यात राहून मराठीच्या जोरावर सुरुवात होते, पण वर जायचं असेल तर इंग्रजी शॉर्टहँड सोडून चालणार नाही.

वादी, प्रतिवादी, फिर्यादी, मुद्देमाल, घटनास्थळ पंचनामा, निशाणी, दोषारोप, अर्ज नामंजूर: हे शब्द दिवसातून शंभरदा येतात. त्यांच्या आउटलाइन हातात बसल्या पाहिजेत. एका वाक्याकडे विशेष लक्ष द्या. उलटतपासणीत वकील सुचवतो आणि साक्षीदार नाकारतो, तेव्हा कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की, माझे आरोपीशी शेताच्या बांधावरून भांडण होते." कबूल केलं तर "हे म्हणणे खरे आहे की". एका पानावर अशी दहा-पंधरा वाक्यं असतात. सवयीने "नाही" टाइप होऊन गेलं की साक्षीदाराने न म्हटलेलं त्याच्या नावावर चढतं. या दोन वाक्यांचा सराव मी नव्या मुलांकडून आलटून पालटून करून घेते.

आपल्या भागाचं वेगळंपणही शिकून घ्यावं लागतं. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती. जमिनीच्या दाव्यांत आजही खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद, निघतं, इनामी जमिनी निघतात, 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याचा उल्लेख येतो. हे शब्द पुण्या-मुंबईच्या डिक्टेशनच्या पुस्तकांत मिळत नाहीत. जवळच्या ज्येष्ठ वकिलाकडून किंवा तलाठी कार्यालयात काम केलेल्या माणसाकडून लिहून घ्या.

बोलीचंही तसंच. साक्षीदार "आखाड्यावर व्हतो" म्हणाला तर तो पैलवान नाही, शेतावरच्या घरात होता. "धुरा कोरला" म्हणजे बांध फोडून जमीन ओढली. कत्ती, सालगडी, कडब्याची गंजी, मपलं आणि तुपलं हे सगळं न अडखळता कानात शिरलं पाहिजे. बोलणं ऐकून टाइप करणारी सॉफ्टवेअर आता आली आहेत आणि ती सुधारतही जातील, पण गावाकडचा म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून बोलतो तेव्हा ही बोली ओळखणारा माणूस शेजारी लागतो. या भागात जन्मलेल्या मुलांकडे ती आयती आहे. तिची लाज बाळगू नका.

आकड्यांनाही जपा. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर", "सात" आणि "साठ" घाईत सारखे ऐकू येतात. "1 हेक्टर 21 आर" म्हणजे साधारण तीन एकर, हे माहीत असेल तर "2 हेक्टर 11 आर" चुकून लिहिताना हात आपोआप थांबतो. दाव्यात चतुःसीमा येतात, पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस नाला. दिशेची अदलाबदल झाली तर पुढची पिढी त्या कागदावर भांडते.

कोर्टात जाऊन बसा

बारावीनंतर सुट्टीत महिनाभर तरी हे करा. आपल्याकडे न्यायालय खुलं असतं. बंद खोलीत चालणारी प्रकरणं सोडली तर कोणीही मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतं. मोबाइल बंद ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात करू नका आणि वहीत काही टिपायचं असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. न्यायाधीश साक्षीदाराचं लांबलचक बोलणं दोन ओळींत कसं सांगतात आणि स्टेनो कुठे थांबून "सर, पुन्हा एकदा" म्हणतो, ते बघा. विचारायला घाबरणारा स्टेनो अंदाजाने लिहितो, आणि कोर्टात अंदाजाने लिहिलेला शब्द खोटा शब्द असतो.

भरती

राज्यातल्या जिल्हा न्यायालयांची 2023 ला मोठी भरती निघाली, तेव्हा लघुलेखक (म्हणजे स्टेनो) श्रेणी 3 साठी पदवी, इंग्रजी शॉर्टहँड 100, मराठी शॉर्टहँड 80, इंग्रजी टायपिंग 40, मराठी टायपिंग 30 आणि संगणकाचं प्रमाणपत्र अशी पात्रता होती. म्हणून कॉलेजची तीन वर्षं दोन्ही शॉर्टहँडसाठी धरा. पदवी कुठल्याही शाखेची चालते. पदवी हातात नसेल तर सरकारी कार्यालयांतलं लघुटंकलेखकाचं (स्टेनो-टायपिस्टचं) पद बघा, त्याला दहावी, शॉर्टहँड 80 आणि टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. कोर्टाच्या जाहिराती मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात. अटी बदलू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी मूळ जाहिरातच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नको. आणि "आतून काम करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ही परीक्षा हाताची आहे, हात चालला नाही तर कोणीही पास करून देऊ शकत नाही.

घरचा शेवटचा सराव

हा सराव मी प्रत्येक मुलाला देते आणि क्लासमधल्या कुठल्याही उताऱ्यापेक्षा त्याचा उपयोग मोठा आहे. आजीला किंवा आजोबांना जुनी एखादी गोष्ट सांगायला बसवा: विहिरीचा वाद, चोरीला गेलेला बैल, 1972 चा दुष्काळ. ते बोलतात तसं शॉर्टहँडमध्ये घ्या. मग त्याची साक्ष करा, "मी" लावून, सलग, त्यांच्या तोंडचे शब्द शक्य तेवढे ठेवून. टाइप करा आणि त्यांना वाचून दाखवा. कोर्टातही साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि बरोबर असल्याचं त्याने मान्य केल्यावरच काम पुढे जातं.

माझ्या आजीने पहिल्याच वेळी मला थांबवलं होतं. "म्या असं कवा म्हणलं? बैल सोडला नव्हता, सुटला व्हता." मी ते वाक्य खोडलं, दुरुस्त केलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. ती मान डोलावेपर्यंत.