अ‍ॅम्पिसिलिनचे द्रावण सिरिंज फिल्टरने निर्जंतुक करताना

ऑटोक्लेव्हमधील (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातील) १२१ अंश सेल्सिअस तापमान पोषक माध्यमाला सोसते, अ‍ॅम्पिसिलिनला सोसत नाही. त्याच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय उष्णतेने तुटते आणि प्रतिजैविक निकामी होते. अशा द्रावणासाठी निर्जंतुक सिरिंज फिल्टर, म्हणजे सिरिंजच्या टोकाला बसणारी, आत सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेली छोटी गाळणी, वापरतात. काम दहा मिनिटांचे आहे, परंतु एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: फिल्टर फक्त त्यातून गेलेला द्रव निर्जंतुक करतो. पडद्याच्या पलीकडे जे काही आहे, म्हणजे फिल्टरचे टोक, ट्यूब आणि ट्यूबचे झाकण, ते आधीपासूनच निर्जंतुक असावे लागते. सिरिंजच्या बाजूला मात्र थोडी सवलत आहे, कारण तिकडचे जिवाणू पडद्यावरच अडणार असतात.

जिवाणू अडवण्यासाठी ०.२२ मायक्रॉन छिद्रांचा पडदा लागतो. या दर्जाच्या पडद्याची कसोटी ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा या अतिशय लहान जिवाणूवर घेतात. दर चौरस सेंटिमीटरला किमान १ कोटी जिवाणू सोडले तरी पलीकडे एकही येता कामा नये. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर गढूळ द्रावण आधी गाळून घेण्यापुरता ठीक आहे, निर्जंतुकीकरणासाठी नाही. विषाणू आणि एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातले विषारी घटक) ०.२२ मायक्रॉनमधूनही पार होतात, आणि पेशीसंवर्धनात छळणाऱ्या मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंसाठी ०.१ मायक्रॉनचा पडदा लागतो.

पाण्यातील अ‍ॅम्पिसिलिनसाठी पॉलिइथरसल्फोनचा किंवा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा चालतो. हेच पडदे डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात टिकत नाहीत, म्हणून द्रावक बदलला की पडद्याचाही विचार नव्याने करावा. प्रथिनांच्या द्रावणासाठी नायलॉन टाळावा, कारण प्रथिने त्याला चिकटून राहतात. इथेनॉलमध्ये केलेले क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या प्रतिजैविकाचे द्रावण तर बहुधा गाळावेच लागत नाही.

ग्लोव्हज घालून १ ग्रॅम अ‍ॅम्पिसिलिन सोडियम निर्जंतुक पाण्यात विरघळवावे आणि एकूण आकारमान १० मिलिलिटर करावे. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ही पावडर हाताळूच नये. यापुढचे काम लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेचा संथ प्रवाह असलेल्या कपाटात) करावे. सिरिंजमध्ये आधी सुमारे १ मिलिलिटर हवा आणि मग द्रावण ओढावे. सिरिंज टोक खाली करून दाबली की ही हवा शेवटी येते आणि फिल्टरच्या अलीकडच्या पोकळीत अडकलेले थेंब पुढे ढकलते. फिल्टरच्या वेष्टनाचा कागद सोलावा, पण फिल्टर बाहेर काढू नये. त्याचे सिरिंजकडचे तोंड वरच असते; वेष्टनाला बाहेरून धरून सिरिंज तशीच त्यात फिरवून घट्ट बसवावी आणि मगच उचलावी. असे केल्याने खालच्या टोकाला बोट लागण्याचा प्रश्नच उरत नाही. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक फिल्टर येथेच वाया जातात.

टोक निर्जंतुक ट्यूबच्या तोंडावर अधांतरी धरून दट्ट्या सावकाश दाबावा. हाताला विरोध वाढू लागला तर जोर लावू नये, फिल्टर बदलावा. छोट्या सिरिंजमध्ये हाताच्या त्याच जोराने कितीतरी अधिक दाब निर्माण होतो, म्हणून १० मिलिलिटरपेक्षा लहान सिरिंज शक्यतो वापरू नये. फिरवून बसणारी ल्युअर लॉकची सिरिंज असेल तर फिल्टर निसटून द्रावण तोंडावर उडत नाही. सिरिंज पुन्हा भरायची असल्यास आधी फिल्टर सोडवून त्याच्या वेष्टनात ठेवावा. फिल्टर लावलेला असताना दट्ट्या मागे ओढल्यास पडदा आधारावरून सुटू शकतो, आणि तो सुटला आहे हे बाहेरून दिसत नाही.

म्हणूनच गाळून झाल्यावर पडद्याची तपासणी करावी. रिकाम्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर हवा घेऊन तोच ओला फिल्टर लावावा, टोक पाण्यात बुडवावे आणि हवा निम्म्या आकारमानापर्यंत दाबावी. आतला दाब वातावरणाच्या दुप्पट होतो, पण ओल्या ०.२२ मायक्रॉन छिद्रांतले पाणी हटवायला तो पुरत नाही. धड पडद्यातून बुडबुड्यांची धार येत नाही. ती आली तर पडदा फाटला आहे असे समजून सगळे द्रावण नव्या फिल्टरने पुन्हा गाळावे. थोडे द्रावण माध्यमात टाकून वाढ होते का हे पाहण्याचा मार्ग येथे फसवा ठरतो, कारण शिरलेल्या अनेक जिवाणूंना अ‍ॅम्पिसिलिनच वाढू देत नाही.

तपासणीत पडदा धड निघाला की द्रावण १ मिलिलिटरच्या भागांत निर्जंतुक ट्यूबमध्ये वाटून, तारीख घालून उणे २० अंशांवर ठेवावे. हे द्रावण मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असल्याने माध्यमाच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १ मायक्रोलिटर घातले की नेहमीचे १०० मायक्रोग्रॅमचे प्रमाण मिळते. वापरलेला फिल्टर धुऊन किंवा ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरू नये.